देवरे बाईंची एकतीस वर्तुळं

देवरे बाई रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिथं नसलेल्या मुलींना चेंडू देतात.

पत्रकं लिहून लिहून मला ही सवय लागली आहे. पहिल्याच ओळीत असेल ते सांगून टाकायचं. लोक कागद हातात घेतात, मेथीच्या जुडीवर टाकतात आणि पुढं जातात. तेवढ्यात डोळ्यांखालून गेली तर एक ओळ जाते. ती वाया घालवायची नाही.

तर देवरे बाई. वय सत्तरीच्या आत-बाहेर, साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेली कपाटाची किल्ली. मूळ गाव धुळ्याकडचं, नोकरी सगळी जळगावात. आमच्या भागातल्या मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. शाळेमागं बास्केटबॉलचं मैदान आहे. मैदान म्हणजे तडे गेलेला सिमेंटचा चौकोन आणि दोन लोखंडी खांब. एका रिंगला जाळी आहे, दुसरी नुसतीच रिंग. आणि त्या सिमेंटवर पांढऱ्या ऑइलपेंटनं काढलेली, जेवणाच्या ताटाएवढी एकतीस वर्तुळं. प्रत्येकात आकडा. ओळ नाही, रांग नाही. मूठभर ज्वारी फेकावी तशी सगळीकडं पसरलेली. दर दिवाळीला घराघरांत रंग लागतो तेव्हा बाई इथं बसून वर्तुळं गिरवतात.

मी तिथं गेले ते बाईंना उघडं पाडायला.

आमचा तरुणांचा एक गट आहे. गळकी टाकी, बुवाबाजी, बंद पडलेली शौचालयं, काय वाट्टेल त्यावर आम्ही पत्रक काढतो. त्या वर्षी आमचा विषय होता बोगस पट. म्हणजे वर्गात मुलं नसतात, पण हजेरीत असतात. अशा कागदी मुलांवर माझा विशेष राग. आणि एक दिवस या शाळेच्या फलकावर मी वाचलं: ‘बास्केटबॉल, मुली : ३१. मार्गदर्शक : श्रीमती देवरे (निवृत्त).’ शेजारच्या चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “पाच पोरी येतात ताई. सहावी मोजली तर बाई.”

झालं. मी रात्रीत मजकूर लिहिला, मथळा दिला ‘सव्वीस भुतांची हजेरी कोण लावतंय?’ आणि हजार प्रती वाटून टाकल्या. त्यानंतर मैदान बघायला गेले. आधी छापलं, मग बघितलं. पुढं जे काही घडलं ते सगळं माझ्या या एका उलट्या क्रमातून घडलं, म्हणून इथंच कबूल करते.

डिसेंबर होता. आमच्याकडं उन्हाळ्याचंच कौतुक सांगतात, पण खानदेशातली पहाटेची थंडी हाडाला विचारून आत येत नाही. उजाडायला अवकाश होता. रस्त्यावरच्या दिव्याचा थोडा पिवळा उजेड भिंतीवरून मैदानात सांडला होता, आणि कुणीतरी पाला पेटवला असावा, त्याचा धूर गुडघ्याएवढ्या उंचीवर तरंगत होता. भिंतीपलीकडून मला चेंडूचा आवाज आला. एक, दोन, तीन. लागोपाठ, न अडखळता. मी कान देऊन मोजत राहिले. एकतीस. मग क्षणभर शांतता, आणि पुन्हा एक, दोन, तीन.

मला पहिल्यांदा लाज वाटली. म्हटलं, आहेत की मुली! फुकट बदनामी केली.

फाटकातून आत गेले. मुली पाचच.

आता हे नीट सांगते, कारण मी स्वतः ते समजून घ्यायला तीन सकाळी घेतल्या. चेंडू एकापासून एकतीसपर्यंत आकड्यांच्या क्रमानं फिरतो. ज्या वर्तुळात मुलगी उभी आहे तिला छातीसमोरून सरळ पास. ज्या वर्तुळात कुणी नाही, तिथं चेंडू वर्तुळाच्या बरोबर मध्ये टप्पा घेतो आणि या पाचांपैकी कुणीतरी धावत जाऊन पलीकडून तो उचलते आणि पुढच्या आकड्याकडं फेकते. वर्तुळात पाय ठेवायचा नाही. पाचजणी एकतीसजणींचं धावत होत्या, आणि तोंडातून वाफ सोडण्यापलीकडं कुणी आवाज करत नव्हतं. बाई खांबाला टेकून उभ्या. हातातली किल्ली खांबावर आपटायची, ठण, की पास सुटायचा. ठण, पास. ठण, पास. शिट्टी त्यांना चालत नाही. “शिट्टी कुत्र्याला,” त्या म्हणतात.

फेऱ्या संपल्या की शूटिंग. रिंगपासून दोन पावलांवर, एका हातानं. “कोपर आत! मनगट मोड! तव्यावर भाकरी टाकतेस तसं मनगट मोड, आणि हात वरच ठेव. चेंडू जमिनीला लागेपर्यंत हात खाली आणायचा नाही.” त्यामुळं पाचही मुली हात वर ताणून, मनगटं खाली सोडून, धुरात खांबासारख्या उभ्या. चेंडू पडला तरी दोन क्षण तशाच. सांगते, मी बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटणारी मुलगी. स्मशानात बसून भेळ खाल्ली आहे आम्ही. पण तिथं माझ्या पायाची बोटं बुटात आखडली.

मला अशा वेळी भीती वाटत नाही, राग येतो. पुन्हा पासची फेरी सुरू होताच मी तरातरा मैदानात गेले आणि मुद्दाम एका रिकाम्या वर्तुळात जाऊन उभी राहिले. सतरा नंबर.

किल्लीचा आवाज थांबला. पाचही जणी थांबल्या. त्यांच्यातली कप्तान रुख्सार, अकरावीत असावी, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “ताई, पाय काढा. वैशालीताईच्या अंगावर उभ्या आहात तुम्ही.”

“कोण वैशाली? मला तर कुणी दिसत नाही!”

“तुम्हाला नसेल दिसत. चेंडू येईल आता.”

आणि आला. पोटात. मी बसलेच.

बाई खांबापासून हलल्या नाहीत. त्यांची वर्गातली भाषा स्वच्छ पुस्तकी, पण आवाज चढला की अहिराणी बाहेर येते. “सरक तठून! ती जागा भरेल शे.”

“बाई, ती रिकामी आहे!”

“बठ्ठ्या जागा भरेल शेतस,” सगळ्या जागा भरलेल्या आहेत, असं म्हणून बाईंनी किल्ली आपटली. ठण. चेंडू अठरा नंबरला गेला.

बाईंची रीत अशी की एकदा मुलीला जागा मिळाली की ती तिची. शाळा सुटो, लग्न होवो, गाव सुटो. नवीन मुलगी आली तर तिला नवं वर्तुळ, नवा आकडा. कुणाच्या जागी कुणी नाही. वैशाली चोपड्याला दिली आहे, दोन मुलं आहेत तिला, पण सतरा नंबर तिचा. बाईंचं लाडकं वाक्य आहे: “पास माणसाला द्यायचा नाही, जागेला द्यायचा. माणूस पोचतं.” बास्केटबॉलच्या हिशोबानं हे शंभर टक्के बरोबर आहे म्हणे, धावणाऱ्या खेळाडूला चेंडू ती आहे तिथं नाही, ती पोचणार तिथं द्यावा लागतो. बाईंनी ते फक्त जरा लांबवलं होतं.

सराव संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. साडीच्या निरीतून माझंच पत्रक काढलं, चार घड्या घातलेलं. मला वाटलं, आता फाडतील.

“तू का ती पत्रकवाली?”

“हो.”

“शुद्धलेखन बरं शे तुझं. एक शब्द बदल. भूत नको लिहू. भूत झालेलं माणूस परत येत नाही. ह्या येऊ शकतात.”

मी म्हटलं, “बाई, पण या हजेरीतून कुणाला काय मिळतं?”

“चेंडू मिळतो,” बाई म्हणाल्या. “रोज एकदा.”

यावर पत्रक निघत नाही.

पण निघायचं ते निघून गेलं होतं. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव, सगळे त्यांना नाना म्हणतात, गेली दोन वर्षं त्या मैदानावर डोळा ठेवून होते. संस्थेच्या नव्या इंग्रजी शाखेला गाड्या लावायला जागा पाहिजे होती. फक्त कारण सापडत नव्हतं. माझ्या पत्रकानं त्यांना ते आयतं दिलं. त्यांनी पत्रकाची प्रत फलकावर ठोकली, खाली लाल शाईनं लिहिलं: ‘शनिवारी सकाळी प्रत्यक्ष पाहणी. पंचवीस खेळाडू हजर नसल्यास मैदान वाहनतळासाठी.’ म्हणजे मी ज्या लोकांविरुद्ध लिहिते त्यांच्याच खिळ्यानं माझा कागद ठोकला होता. तो फलक वाचताना मला कुणीतरी भर बाजारात कानाखाली मारल्यासारखं झालं.

बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “शनिवारी फेरी जरा नीट करावी लागेल. रुख्सारचं मनगट ढिलं पडतंय.”

एवढंच! मैदान जातंय आणि यांना मनगट!

मग मी ठरवलं, आपणच निस्तरायचं. गावातल्या गावात राहणाऱ्या जुन्या मुली शोधायच्या, शनिवारी उभ्या करायच्या. पहिली सापडली सहा नंबरची नसीम. शिवणकाम करते, नवऱ्याचं गाद्या-रजयांचं दुकान. दिवसा गिऱ्हाईकं असतात म्हणून शुक्रवारी पहाटेच तिच्या घरी गेले. नसीमआपा ओट्यापाशी कणीक मळत होत्या. सासूबाई दारात खाटेवर, रजई कानापर्यंत. मी माझं भाषण सुरू केलं. मैदान, अन्याय, मुलींची जागा, सगळं. नसीमआपा मान हलवत ऐकत होत्या, हात कणकेत.

मधेच त्यांचे हात थांबले.

त्यांनी दोन्ही हात वर उचलले. छातीसमोर, बोटं पसरून, अंगठे एकमेकांजवळ, कणकेनं माखलेले तसेच. डोळे माझ्याकडं नव्हते. भिंतीवर भांड्यांच्या मांडणीकडं कुठंतरी होते. दोन क्षण. मग हात जरासे आत ओढले, एखादी वस्तू घेतल्यासारखे, आणि डावीकडं वळून झटक्यानं पुढं. मग परत कणकेत.

मांडणीवरच्या घड्याळात सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती.

“ये रोज का है इसका,” सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. “नमाज़ के बाद, चाय के पहले. पहले मैं डरती थी. अब घड़ी मिला लेती.”

“आपा, हे काय केलंत तुम्ही?”

“क्या किया?” त्यांनी मलाच विचारलं. मग हसल्या. “अरे, वो! बाई बोलती थी, हात दाखव. हात नाही दाखवला तर चेंडू नाही. अभी बीस साल हुए, हात अपने आप उठता. कोण फेकतं, काय माहीत. मगर आपण सोडत नाही.”

मी विचारलं, उद्या याल का? नसीमआपांनी सासूकडं पाहिलं, शिवणाच्या ढिगाकडं पाहिलं. लग्नसराई होती. “उद्या नाही ग जमणार. बाईंना सांग, सहा नंबर हजर.”

एकीकडून दुसरीचा नंबर घेत दिवसभर फोन लावले. चोपडा, शिरपूर, जामनेर. एकीलाही शनिवारी येता येत नव्हतं. कुणाचं दूध, कुणाची ड्यूटी, कुणाचं लहान बाळ. पण आठ-दहा जणींनी फोन ठेवण्याआधी मला तेच सांगितलं, हळूच, जवळपास कुणी ऐकत नाही ना हे बघून. वैशाली नळावर असते त्या वेळी. हंडा खाली ठेवते. सहा चौदाला. माझ्या वहीत मी या सगळ्या वेळा लिहीत गेले आणि नंतर बघितलं तर त्या वर्तुळांच्या आकड्यांच्या क्रमानं होत्या. मी वही मिटली आणि आईच्या खोलीत जाऊन झोपले. कारण विचारू नका.

आणि मग मी ते केलं. बोगस पटाविरुद्ध हजार पत्रकं वाटणाऱ्या मी, शनिवारी पहाटे पोलीस भरतीच्या क्लासमधल्या सव्वीस मुली गोळा करून आणल्या.

धावायला त्या रोज उठतातच. मी त्यांना प्रत्येकीला एक नंबर, एक नाव घोकून दिलं. पावणेसहाला सगळी वर्तुळं भरली. ट्रॅकसूट घातलेल्या, ताठ, एकतीसच्या एकतीस! मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. मला स्वतःला त्या क्षणी माझी शिसारी यायला हवी होती, ती चार मिनिटं उशिरा आली.

बाई आल्या. फाटकात उभ्या राहिल्या. मग एकेकीपुढं जाऊ लागल्या.

“तू कोण, बेटा?”

“वैशाली!” सतरा नंबरवरची मुलगी कवायतीच्या आवाजात ओरडली.

“नाही,” बाई म्हणाल्या. अगदी मायेनं. “वैशाली डावखुरी. तुझा उजवा पाय पुढं. तुझं नाव काय?”

ती मुलगी माझ्याकडं बघायला लागली. “...कोमल.”

“कोमल, छान. खेळायचंय तुला? मी तुला आत्ता नवी जागा काढून देते. बत्तीस नंबर. पण मग रोज यायचं. येशील?”

“रोज कसं जमेल मॅडम, ग्राउंड असतं आमचं.”

“मग खोटं कशाला उभी राहतेस? ती येईल तेव्हा कुठं उभी राहील?”

अशा सव्वीसजणींना त्यांनी विचारलं. खडू हातात तयार. त्यातल्या कुणी एकीनं हो म्हटलं असतं तर बाईंनी खरोखर वर्तुळ काढलं असतं, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं तर मैदान तिथल्या तिथं नियमानं वाचलं असतं. पण भरतीच्या मुली सरळ असतात. एकामागून एक फाटकाबाहेर गेल्या. शेवटची जाताना मला म्हणाली, “ताई, तुम्हीच ना मागं क्लासला येऊन बोगस उमेदवारांवर बोलला होता?”

मी फाटकाच्या आडोशाला गेले.

नाना आले तेव्हा सहा आठ झाले होते. मफलर, हातात फाईल, बरोबर शिपाई. त्यांनी बोटानं मोजलं. “काय बाई, पाच? बाकीच्या कुठं गेल्या बुवा?”

“आपापल्या घरी आहेत.”

“मग हजर कशा?”

“बघा,” बाई म्हणाल्या. ठण.

फेरी सुरू झाली. नाना मैदानाच्या मध्ये जाऊन उभे राहिले होते. फाईलमध्ये काहीतरी लिहीत होते. चेंडू त्यांच्या आजूबाजूनं टप्पे घेत जाऊ लागला. पाच मुली त्यांना वळसे घालून, एक शब्द न बोलता धावत होत्या. नानांचं लिहिणं हळूहळू थांबलं. ते एक पाऊल मागं सरले, मग बाजूला, आणि मी बघत होते, त्यांनी एकाही वर्तुळात पाय दिला नाही. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. धूर त्यांच्या पायांत फिरत होता. चौदा नंबरवर चेंडू त्यांच्या अगदी पुढ्यात आपटला आणि पुढं गेला.

“ही कोण?” नानांनी विचारलं. आवाज मफलरमधून आल्यासारखा.

“चौदा? तुमच्या घरातच आहे नाना. तुमची मोठी सून. स्वाती.”

नानांनी फाईल मिटली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ उजेडाकडं धरून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“सव्वासहाच्या आत,” ते शेवटी म्हणाले. “रोज. गॅसपाशी. हात असे करते.” त्यांनी फाईल काखेत धरून स्वतःचे हात छातीसमोर पसरून दाखवले. बोटं अगदी बरोबर. “बाई, आम्ही तिला दोनदा दाखवून आणलं हो. एकदा सातपुड्यात नेलं भगताकडं. त्यानं लिंबू कापलं, दोरा बांधला. म्हणाला, बाहेरचं आहे.”

“बाहेरचंच शे,” बाई म्हणाल्या. “पास शे. दोऱ्यानं थांबत नसतो.”

रुख्सार फिसकन हसली आणि बाईंनी तिच्याकडं बघताच तिनं मनगट ताठ केलं. मी एरवी अशा भगतावर तिथल्या तिथं भाषण ठोकलं असतं. त्या दिवशी वहीत फक्त वेळ लिहिली.

नानांनी हजेरीत पाचच लिहिले. खोटं त्यांनीही लिहिलं नाही, हे मला सांगायलाच हवं. पण निकाल निम्मा दिला: जाळीच्या रिंगकडचं अर्धं मैदान खेळाला, पलीकडचं अर्धं गाड्यांना, मध्ये पत्रे.

मी बाईंच्या घरी गेले ते तोंड लपवत. दोन खोल्या, चेंडूत हवा भरायचा पंप, भिंतीवर एकही फोटो नाही. मी म्हटलं, “बाई, माझ्यामुळं अर्धं गेलं.”

“अर्धं राहिलं,” त्या म्हणाल्या. “आता कामाचं बोल. त्या अर्ध्यातल्या सोळा जणींना इकडं घ्यावं लागणार. तुझ्याकडं सगळ्यांचे नंबर आहेत ना? लाव फोन.”

“घ्या ना मग. वर्तुळंच तर काढायची.”

“न विचारता?”

आणि आम्ही विचारलं. पूर्ण संध्याकाळ. बाई फोन तोंडापासून हातभर लांब धरून ओरडायच्या, “अगं, तुला जरा सरकावं लागतंय. सात पावलं, रिंगकडं. वैशालीच्या शेजारी. तिचं-तुझं जमतं ना आता?” पलीकडून हसणं, रडणं, एकदा चक्क भांडण: शिरपूरच्या बाईला कोपऱ्यातलीच जागा पाहिजे होती, ती तिथूनच मारायची. बाईंनी तिला कोपरा दिला. कागदावर एकेक वर्तुळ आत येत गेलं. पंधरा झाली.

“अकरा राहिली,” मी म्हटलं. “हिचा फोन नंबरच नाही माझ्याकडं.”

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. पुसत राहिल्या.

“मनीषा. माझी मुलगी. धुळ्याला असते, शाळेत शिकवते.”

बाईंना मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. चहावाल्यालाही नसावं.

“जिल्ह्याची फायनल होती,” बाई म्हणाल्या. “ती पाचांत होती. हक्कानं होती. पण लोक म्हणायचे, बाई मुलीला खेळवतात. तिनं पूर्ण वॉर्मअप केला, शेवटचा शॉट मारला, हात अजून वर होता तिचा. तेव्हा मी सांगितलं, तू बस. तिच्या जागी दुसरीला उभं केलं.”

“हरलात?”

“जिंकलो. तेच तर झालं ना.” चष्मा परत लावत म्हणाल्या, “त्यानंतर ती मैदानात आली नाही. लग्नानंतर घरी आली नाही. फोन आहे तिच्याकडं. माझा उचलत नाही.”

“माझा उचलेल,” मी म्हटलं. मी विचारत बसत नाही. बाईंकडून नंबर घेतला, लावला, आवाज मोठा करून फोन मध्ये ठेवला.

तीनदा वाजला. “हॅलो?” बाईमाणसाचा आवाज, घोगरा.

मी तोंड उघडायच्या आत देवरे बाई पुढं वाकल्या. इतर पंधराजणींशी जसं बोलल्या होत्या तसंच बोलायला लागल्या, पण ओरडायला विसरल्या. “अकरा नंबर. मैदान अर्धं गेलं. तुझी जागा पलीकडं राहिली, गाड्यांत. आत घेऊ का?”

पलीकडं कुकरची शिट्टी झाली एक. एक लहान पोरगी काहीतरी विचारत होती, तिला कुणी उत्तर दिलं नाही. बाईंचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते.

“राहू दे,” आवाज आला. “आहे तिथंच राहू दे.”

आणि फोन बंद.

बाईंनी फोन उचलून पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

“घसा बसलाय तिचा,” त्या म्हणाल्या. “धुळ्याला थंडी जास्त. गरम पाणी पीत नसेल.”

दुसऱ्या दिवशी त्या पत्र्यांपलीकडं गेल्या, पहारेकऱ्याशी भांडल्या आणि अकरा नंबर नव्यानं गिरवून आल्या.

आता मी रोज पावणेसहाला वाहनतळात असते. रात्रभर कुणाची स्कूटी त्या वर्तुळावर उभी असली तर मागचं चाक उचलून बाजूला घेते. दोनदा मालकांच्या शिव्या खाल्ल्या. मग वर्तुळाच्या बाहेर, एक हात अंतर ठेवून, उभी राहते. पत्रे उंच आहेत. पलीकडचं काही दिसत नाही, नुसती किल्ली ऐकू येते आणि तिचे ठोके मोजावे लागतात. दहा झाले की वर बघायचं. अंधारातून पत्र्यावरून चेंडू येतो, तेलाचे डाग पडलेल्या सिमेंटवर, अकराच्या बरोबर मध्ये, एकदाच आपटतो. तो मी पकडते. परत पलीकडं टाकण्याआधी थांबावं लागतं, कारण पत्र्यामागून बाई विचारतात.

“पोचला का गं?”

“पोचला, बाई.”